गर्भस्थ जीव आणि पाण्यातील सोमल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या उत्तरेस अटाकामा नावाचे वाळवंट आहे. पृथ्वीवरील अत्यंत कोरड्या प्रदेशांत त्याची गणना होते. या वाळवंटाच्या कडेला, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर अँटोफगास्टा हे शहर वसले आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. पिण्याचे पाणी शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अँडीज पर्वतातून नळाने आणावे लागे. लोकवस्ती वाढली, पाणी पुरेनासे झाले, म्हणून १९५८ साली टोकोन्से नदीचे पाणी शहराला देण्यात आले. पाणी नितळ होते. त्याला वास नव्हता, रंग नव्हता, चवीतही काही वावगे नव्हते. परंतु ज्वालामुखीच्या खडकांतून वाहत येताना त्यात आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणून ओळखतात ते विष, विरघळलेले होते. त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम इतके होते. जागतिक आरोग्य संघटनेने आज घालून दिलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाण्याचे स्वरूप कळून येते.

मुलांच्या कातडीवर डाग दिसू लागले, तळहात-तळपाय खरखरीत झाले, तेव्हा शंका उत्पन्न झाली. अखेर १९७० साली पाणी शुद्ध करणारे संयंत्र उभे राहिले आणि आर्सेनिकचे प्रमाण एकदम खाली आले. एका शहराच्या इतिहासातील बारा-तेरा वर्षांचे दुर्दैवी प्रकरण तेथेच मिटले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

प्रकरण मिटले नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेतील अ‍ॅलन स्मिथ यांनी चिलीतील सहकाऱ्यांसह त्या शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभ्यासकांच्या दृष्टीने या शहराचे एक वैशिष्ट्य होते. तेथे पाण्याचा दुसरा स्रोतच नव्हता. गरीब-श्रीमंत, कामगार-अधिकारी, सर्वांच्या घरी तेच पाणी. त्यामुळे एखाद्या व्यक्तीचे जन्मवर्ष कळले की तिच्या शरीरात कोणत्या वयात किती विष गेले असावे, याचा अंदाज बांधता येत असे. १९५८ ते १९७० या काळात जे जीव आईच्या गर्भात होते आणि पुढे तेच पाणी पीत वाढले, त्यांच्यापैकी तीस ते एकोणपन्नास या ऐन वयात मरण पावलेल्यांची नोंद पाहण्यात आली. चिलीच्या इतर भागांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सहापट होते. श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचून राहणारा ब्राँकिएक्टॅसिस नावाचा विकार आहे. त्याने होणारे मृत्यू सेहेचाळीसपट होते. हा विकार मुळातच विरळा असल्याने अशा मृत्यूंची प्रत्यक्ष संख्या लहान होती, हेही येथे सांगितले पाहिजे. पट मोठी दिसते म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि एवढी मोठी तफावत योगायोगाने पडत नाही.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. आर्सेनिक शरीरात फार काळ राहत नाही. पाणी बदलले की काही दिवसांत त्याचा बहुतांश भाग लघवीवाटे निघून जातो. मग १९७० साली संपलेले विष १९९० नंतर माणसे कसे मारते? शरीरातून विष गेले, तर मागे काय राहिले?

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु उत्तराचा जो भाग हाती आला आहे, तो पेशीच्या आत असलेल्या मायटोकाँड्रिया, मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेत तंतुकणिका, यांच्याकडे बोट दाखवतो.

मानवी शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत या तंतुकणिका शेकड्यांनी, काही पेशींत हजारांनी असतात. खाल्लेल्या अन्नाचे अंश आणि श्वासातील प्राणवायू यांची गाठ येथे पडते आणि त्यातून एटीपी नावाचे ऊर्जाद्रव्य तयार होते. स्नायू हलतो, हृदय धडकते, मेंदू विचार करतो, तो या एटीपीच्या जोरावर. तंतुकणिकांचे आणखी एक आश्चर्य म्हणजे त्यांच्यापाशी स्वतःचे वेगळे डीएनए असते. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या मानाने ते अगदीच लहान, एका छोट्या वर्तुळासारखे. १९८१ साली केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी मानवाच्या या डीएनएचा संपूर्ण अनुक्रम वाचला. त्यात १६,५६९ जोड्या आणि अवघी ३७ जनुके आढळली. हे डीएनए अपत्याला केवळ आईकडून मिळते. पित्याच्या तंतुकणिका गर्भधारणेनंतर नष्ट होतात. प्रत्येकाच्या पेशीतील ऊर्जेची ही परंपरा आई, आजी, पणजी अशी मातृकुळातूनच चालत आलेली असते.

आता आर्सेनिक नेमके काय करते ते पाहू. पाण्यात ते बहुधा आर्सेनेट या रूपात असते. हे रूप फॉस्फेटसारखे दिसते, आणि एटीपी बनवण्यासाठी फॉस्फेटच लागते. खऱ्या नाण्यांच्या थैलीत खोटे नाणे मिसळावे तसा हा प्रकार आहे. फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट बसले की तयार झालेले द्रव्य क्षणात मोडते आणि ऊर्जा वाया जाते. शरीरात शिरल्यावर यातील बराचसा भाग आर्सेनाइट या दुसऱ्या रूपात बदलतो. ते अधिक घातक असते. त्याला गंधकाचे विलक्षण आकर्षण. दोन गंधक शेजारीशेजारी असलेली जागा दिसली की ते तेथे घट्ट चिकटून बसते. तंतुकणिकांमध्ये साखरेपासून मिळालेल्या पायरुव्हेटला ज्वलनाच्या चक्रात पाठवणारे एक महत्त्वाचे विकर असते. त्या विकराच्या मर्मस्थानी नेमकी अशी गंधकाची जोडी असते. आर्सेनाइट तेथे बसले की ते द्वार बंद होते.

ही गोष्ट उघडकीस आली ती युद्धाच्या निमित्ताने, हा इतिहासाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल. ल्युइसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त युद्धवायू शत्रूने वापरला तर काय करायचे, या चिंतेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. विष गंधकाच्या जोडीला चिकटते, तर गंधकाची दुसरी, अधिक आकर्षक जोडी त्याच्यापुढे ठेवावी, असा विचार करून त्यांनी एक औषध तयार केले. १९४५ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. ते औषध डायमरकॅप्रॉल या नावाने पुढेही आर्सेनिकच्या विषबाधेवर वापरले गेले.

ऊर्जा कमी पडणे हा नुकसानीचा एक भाग झाला. दुसरा अधिक खोल आहे. तंतुकणिकांतील ज्वलनाची साखळी मध्येच अडली की इलेक्ट्रॉन वाटेत गळू लागतात आणि प्राणवायूशी संयोग पावून दाहक कण निर्माण करतात. चुलीचे धुराडे तुंबले की धूर घरभर पसरतो, तशी ही स्थिती. सर्वात आधी होरपळते ते तंतुकणिकांचे स्वतःचे डीएनए, कारण ते चुलीच्या अगदी शेजारी असते आणि केंद्रकातील डीएनएला जे प्रथिनांचे वेष्टन लाभते तसे त्याला नसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टॉम हाय आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक सूचक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या पेशींतील तंतुकणिकांचे डीएनए आधीच काढून टाकले होते, त्या पेशींवर आर्सेनिक टाकले, तर केंद्रकातील जनुकांत बिघाड होण्याचे प्रमाण वाढेना. याचा अर्थ असा की आर्सेनिक केंद्रकावर थेट घाव घालते त्यापेक्षा तंतुकणिकांच्या द्वारा घालते.

मग गर्भस्थ जीवाला याची झळ अधिक का लागावी? याची कारणे गर्भाच्या वाढीतच आहेत. स्त्रीबीजात तंतुकणिकांच्या डीएनएच्या लाखाहून अधिक प्रती असतात. गर्भधारणेनंतर पहिले काही दिवस नव्या प्रती तयारच होत नाहीत. पेशी दुभंगत जातात आणि आईने दिलेली शिदोरी त्यांच्यात वाटली जाते. या काळात जे बिघडलेले असेल तेही वाटले जाते. पुढे अवयव घडू लागतात तेव्हा ऊर्जेची मागणी झपाट्याने वाढते. श्वासनलिकांच्या शाखा गर्भातच फुटतात, फुप्फुसातील वायुकोश जन्मानंतरही काही वर्षे वाढत राहतात. मेंदूची गोष्ट तर विचारूच नये. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम दोन टक्के भाग असतो, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. लहान मुलाच्या मेंदूचा हिस्सा याहून कितीतरी मोठा असतो. भिंत उभी राहून वाळल्यावर तिला लागलेला धक्का आणि ओली असताना लागलेला धक्का यांत जसे अंतर, तसेच येथे. घडणीच्या वेळी ऊर्जा तुटली, तर जे घडते ते तसेच कायम राहते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मुलगी गर्भात असतानाच तिच्या स्वतःच्या स्त्रीबीजांची मूळ घडण झालेली असते. गरोदर स्त्रीच्या शरीरात तीन पिढ्यांच्या तंतुकणिका एकाच वेळी नांदत असतात.

आर्सेनिकला वार अडवीत नाही. उत्तर अर्जेंटिनातील अँडीजच्या एका गावात केलेली पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत आईच्या रक्तातील आणि नाळेच्या रक्तातील आर्सेनिकचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. केवळ आर्सेनिकच नव्हे, हवेतील धूलिकणांचाही परिणाम असाच आत पोहोचतो. बेल्जियममध्ये सुमारे पावणेदोनशे माता आणि त्यांच्या नवजात बालकांच्या अभ्यासात असे दिसले की गर्भारपणाच्या शेवटच्या काळात ज्यांच्या श्वासात धूळ अधिक गेली, त्यांच्या वारेतील तंतुकणिकांच्या डीएनएचे प्रमाण घटलेले होते. तो अहवाल २०१२ सालचा. शहरात राहणाऱ्या कुटुंबांना यातून काय घ्यायचे ते वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील मायकेल वॉल्क्स यांनी २००३ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. गाभण मादीला केवळ दहा दिवस आर्सेनिकयुक्त पाणी दिले. पिलांना जन्मानंतर ते मिळाले नाही. तरीही प्रौढ वयात त्या पिलांच्या यकृतात, फुप्फुसात आणि इतर अवयवांत गाठी झाल्या. मुक्या जीवांवरील अशा प्रयोगांविषयी श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात जी वेदना उमटेल ती रास्तच आहे. दुःखाची गोष्ट अशी की ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा माणसांवर हाच प्रयोग अँटोफगास्टात, आणि त्याआधी जपानमध्ये, अजाणतेपणी होऊन गेला होता.

जपानची हकिगत १९५५ सालच्या उन्हाळ्यातली आहे. पश्चिम जपानमध्ये तान्ही मुले ताप, जुलाब, पोट फुगणे, कातडी काळवंडणे अशा लक्षणांनी दवाखान्यांत येऊ लागली. ओकायामा विद्यापीठातील डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये कारण शोधून काढले. मोरिनागा कंपनीच्या दुधाच्या भुकटीत आर्सेनिक होते. दूध नीट विरघळावे म्हणून त्यात जे सोडियम फॉस्फेट घालत, ते औद्योगिक प्रतीचे निघाले. अ‍ॅल्युमिनियमच्या शुद्धीकरणातील उपपदार्थांतून ते आलेले होते. बारा हजारांहून अधिक बालकांना बाधा झाली, सुमारे १३० दगावली. पुढच्या वर्षी तपासण्या झाल्या आणि मुले बरी झाली, मागे काही राहिले नाही, असा निर्वाळा देण्यात आला. आया मात्र सांगत राहिल्या की मूल मंद आहे, चालताना पडते, झटके येतात. त्यांचे कोणी ऐकले नाही. चौदा वर्षांनंतर, १९६९ साली, ओसाका विद्यापीठातील मारुयामा हिरोशी आणि काही आरोग्यसेविका यांनी घरोघर जाऊन त्या मुलांची चौकशी केली. तेव्हा कोठे आयांचे म्हणणे जगापुढे आले. १९७४ साली पीडितांच्या आजीवन मदतीसाठी एक संस्था स्थापन झाली. या पिढीच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत मज्जासंस्थेच्या विकारांनी होणारे मृत्यू अधिक दिसून आले आहेत. वाढत्या मेंदूची ऊर्जेची निकड ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

भारतात हा प्रश्न बंगालमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पहिले रुग्ण ओळखले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून २०१८ साली निधन होईपर्यंत गावोगावचे पाणी तपासण्यात आयुष्य वेचले. शेजारच्या बांगलादेशात तर विपरीतच घडले होते. तळ्या-नद्यांच्या पाण्याने जुलाब होऊन मुले मरतात, म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने लक्षावधी कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू अत्यंत शुद्ध होता. परंतु जमिनीखालच्या गाळात आर्सेनिक होते आणि ते तपासण्याचे कोणाला सुचले नाही. २००० साली साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. त्याच देशातील मतलब या भागात एकोणतीस हजारांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्या कूपनलिकांत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते, त्यांचे पाणी पिणाऱ्या स्त्रियांत गर्भ दगावण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी आणि जन्मलेली बालके दगावण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळले.

याच मतलबमध्ये आणखी एक अभ्यास झाला. तो या सभेतील प्रत्येकाला जवळचा वाटेल. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळण्यास सांगितले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर कापडात अडकतात, हे त्याचे कारण. धुऊन धुऊन जुनी झालेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिच्या धाग्यांतील छिद्रे बारीक झालेली असतात. पाणी गाळून पिण्याची जी रीत जैन घराघरांत शतकानुशतके पाळली जाते, तिला प्रयोगशाळेने दिलेली ही साक्षच आहे.

तथापि येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. विरघळलेले आर्सेनिक कापडात अडकत नाही. पाणी उकळून प्रासुक केले, तरी ते जात नाही. उकळताना पाण्याची वाफ होते, विष भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यासाठी लोहयुक्त पदार्थांच्या गाळण्या किंवा रिव्हर्स ऑस्मोसिससारखी साधने लागतात. बांगलादेशात जन्मलेल्या अबुल हुस्साम यांनी लोखंडाच्या किसावर आधारलेली स्वस्त गाळणी तयार केली, तिला २००७ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले. पण गाळणीच्याही आधी येते ते पाण्याचे परीक्षण. शेजारच्या दोन कूपनलिकांपैकी एक निर्दोष आणि दुसरी विषारी, असे बंगालमध्ये वारंवार आढळले आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर बंगालसारखा गाळाचा प्रदेश येथे नाही. परंतु पूर्व सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या राजनांदगाव भागातील कौडीकसा या गावी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्सेनिक सापडले होते, आणि तेथील खडक बंगालच्या गाळाहून अगदी निराळे आहेत. बोअरवेलचे पाणी नितळ दिसते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तांदळाचीही गोष्ट थोडी अशीच. पाण्यात उभ्या पिकामुळे भात जमिनीतील आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा अधिक घेतो. भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून भात वेळण्याच्या जुन्या पद्धतीने त्यातील काही भाग निघून जातो.

निसर्गानेही काही बंदोबस्त केलेला आहे. अँडीजमधील त्याच गावातील मातांच्या दुधात आर्सेनिक फारच थोडे आढळले, आणि बांगलादेशातही तसेच दिसले. जे विष वारेतून सहज जाते, ते दुधात मात्र फारसे उतरत नाही. म्हणून दूषित पाण्याच्या प्रदेशात अंगावरचे दूध बालकाला वाचवते. त्या पाण्यात कालवलेली भुकटी त्याला मारक ठरते. शिवाय शरीराचे यकृत आर्सेनिकला मिथाइल गट जोडून त्याला लघवीवाटे बाहेर काढते, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात ही क्रिया अधिक जोमाने चालते. त्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्या प्रौढांना बारा आठवडे फोलिक आम्ल दिले असता त्यांच्या रक्तातील आर्सेनिक घटले, असे कोलंबिया विद्यापीठाच्या मेरी गँबल यांच्या गटाने दाखवले. बी-१२ ची कथा शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास चालवला. तेथे बी-१२ ची कमतरता सर्रास आढळली. हे जीवनसत्त्व तंतुकणिकांच्या आतही एका विकराला लागते, म्हणजे ऊर्जेच्या भट्टीशी त्याचा थेट संबंध आहे. दूध, दही, ताक यांतून ते काही प्रमाणात मिळते. ते पुरेसे आहे की नाही हे रक्ताच्या साध्या तपासणीतून कळते, आणि कमतरता निघाल्यास वैद्यकीय सल्ल्याने गोळी घेता येते. ही तपासणी गर्भधारणेपूर्वी झाली तर अधिक बरे.

अँटोफगास्टात २००३ पासून समुद्राचे पाणी गोडे करून पुरवण्यास आरंभ झाला आणि अँडीजच्या पाण्यावरील अवलंबित्व हळूहळू कमी होत गेले. विष थांबून चाळीस वर्षे उलटल्यावरही फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे चढेच असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. १९५८ ते १९७० या काळात त्या शहरात जन्मलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. ज्या वयात हे रोग एरवीही डोके वर काढतात, त्या वयात ती आता प्रवेश करीत आहेत.